बैल फिरवून राह्यलो

त्यांची गाडी येऊन थांबली की माणसं पाण्याचा तांब्या घेऊन पुढे व्हायची आणि तशीच उभी राहायची. कारण ते उतरायचेच नाहीत. हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, डावा हात डॅशबोर्डवर पालथा, डोळे अर्धे मिटलेले. चांगली दोन मिनिटं. कुणी नवख्याने काचेवर टकटक केलीच, तर डोळे न उघडता म्हणायचे, "थांबा जी. बैल फिरवून राह्यलो."

पहिल्या दिवशी मी खरोखर इकडेतिकडे बैल शोधला.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याची एक सवय आधी डोक्यात जाते आणि मग डोक्यातून जातच नाही. मी साताऱ्याकडची. नवीकोरी पदवी घेऊन झरी जामणी तालुक्यातल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा ते तिथे पशुधन पर्यवेक्षक होते. कागदावर मी त्यांची साहेब. प्रत्यक्षात लोक त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे आणि मला 'त्याइच्या संगं येते थे मॅडम'. दवाखान्याला सरकारी गाडी नव्हती. फिरती व्हायची ती त्यांच्या गाडीतून, त्यामुळे त्यांची दोन मिनिटं रोज माझ्याही नशिबी होती.

गाडी म्हणजे एकेकाळी कुणा बँक मॅनेजरची असलेली, चार दारांची जुनी डिझेल गाडी. त्या मॅनेजरने ती आता ओळखली नसती. मागचं सीट काढून तिथे फळ्या ठोकल्या होत्या. त्यांवर औषधांची पेटी, दोर आणि वेळ पडली तर वासरू. स्प्रिंगा बदलून ती वीतभर उंच केलेली, टायर जीपचे, पोटाखाली लोखंडी पत्रा. हवा घ्यायचा पाइप वळवून थेट टपापर्यंत नेलेला, कारण वणीच्या रस्त्यावर कोळशाची भुकटी आणि हंगामात जिनिंगसमोर कापसाचे तंतू, दोन्ही फिल्टरमध्ये जाऊन बसायचे. "मूळ कंपनीचं ह्यात काय उरलंय हो?" असं मी एकदा विचारलं. बराच विचार करून म्हणाले, "हारन." ह्याच गाडीतून ते कामावर यायचे, बाजार करायचे, बायकोला माहेरी पोचवायचे. आरटीओचा विषय निघाला की त्यांना ऐकू कमी यायचं.

बैलाचा उलगडा महिन्याभराने झाला. आमच्याकडे बैलगाडा शर्यत असते तसा इकडे शंकरपट. त्यांच्या वडिलांची पटाची जोडी होती. लहानपणी ह्यांच्याकडे काम एकच, पळून आलेले बैल शांत होईपर्यंत हातात कासरा धरून फिरवायचे.

"पटावून आलेला बैल लगेच खुंट्याले बांधत नसतेत मॅडम. आतून तापलेला रायते थो. पाय धरते, मंग उठत नाई."

टर्बोचंही तसंच म्हणे. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्याने गाडीला बळ येतं. चढ चढून आल्या आल्या गाडी बंद केली, तर त्याला मिळणारं तेल थांबतं आणि तापलेला पंखा कोरडाच फिरून खराब होतो. म्हणून दोन मिनिटं. मला पटलं, पण राग गेला नाही. पटणं वेगळं आणि राग जाणं वेगळं, असं माझी आई माझ्याबद्दल नेहमी म्हणते.

तालुक्यात टेकडीवर एक कोलाम पोड आहे, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. वर जायला एकच रस्ता, लाल मुरमाचा, तीन वळणांचा. त्याला सगळे 'रडका चढ' म्हणतात, कारण कुठलीही गाडी तिथे रडतेच. त्यांच्या गाडीवर एवढं सगळं लादलेलं, पण इंजिन बिचारं तेच आणि टर्बोही तोच, म्हातारा झालेला.

माझं पहिलंच वर्ष. पोडावरून फोन आला. लच्छमाबाई म्हणून एक साठीची बाई, एकटीच राहायची. तिची गाय अडली होती. आम्ही निघालो. दुसऱ्या वळणावर गाडीने काळा धूर सोडला, थरथरली आणि मागे घसरू लागली. मी उडी मारून चाकामागे दगड लावला. मग पिशव्या खांद्यावर घेऊन भर दुपारी पायी निघालो. वर पोचायला पाऊण तास लागला. गाय गेली होती, पोटातलं वासरूही.

लच्छमाबाई रडत नव्हती. तिच्या मराठीत सगळ्यांनाच 'तू' होतं. ती त्यांना म्हणाली, "तू चालत येऊन राह्यला होता, थे म्या वरतून पाह्यलं. गाय बी तिकडेच पाहून राह्यली होती."

तिच्या दारात त्या गाईची दीड वर्षाची कालवड बांधलेली होती. तेवढीच मागे उरली होती.

ते पुढे, मी मागे, असे खाली उतरलो. गाडीजवळ आल्यावर बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "या चढावर मी आता पायी येत नसतो." बस्स, एवढंच. मी तेव्हा त्याला संताप समजले. तो निश्चय होता, हे पुढच्या वर्षभरात कळलं.

आमची नागपूरला बैठक होती. ती संपल्यावर ते मला थेट भंगार बाजारात घेऊन गेले. तिथे जुन्या टर्बोंच्या ढिगातून एक धूड उचललं, कुठल्याशा ट्रकचं असावं. उलटंपालटं केलं, पंख्यात बोट घालून हलवून पाहिलं, आत डोकावले, वासही घेतला. दुकानदार वैतागून म्हणाला, "चाचा, क्या देख रहे हो?"

"दात," ते म्हणाले.

वणीला कादरभाई नावाचे मिस्त्री आहेत, ट्रकची कामं करतात. त्यांनी ते धूड पाहून डोक्याला हात लावला. "साहब, ये बहुत बड़ा है. आपका इंजन इसको घुमाएगा कब और चढ़ेगा कब?"

"बसवा तुमी," हे म्हणाले. तीन दिवसांची रजा टाकली. अर्जावर कारण लिहिलं, 'घरगुती काम'. मी सगळं ठाऊक असून सही केली.

पहिल्या रविवारी चाचणी झाली. मागे वजनाला सरकीच्या ढेपेची चार पोती, आणि पाचवं पोतं म्हणून मी. सपाटीवर गाडी अशी सुटली की मी डोळे मिटून घेतले. पण चढाला लागलो आणि सगळा नूर पालटला. कमी वेगात तो मोठा पंखा हलायलाच तयार नाही. आधीची गाडी निदान दुसऱ्या वळणापर्यंत रडत जायची, ही पहिल्यावरच बसली. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "बैल फार मोठा आणलात."

ते हसले नाहीत. इंजिन चालू ठेवून, डॅशबोर्डवर हात ठेवून तिथेच बसले. गाडी चढलीच नव्हती, तर तापणार काय! तरी दोन मिनिटं. मग म्हणाले, "हेच माह्या बापानं केलतं. बजारातून ह्या एवढा पांढरा बैल आनला. पाहाले सारं गाव आलं. अन् पटावर यानं पाय उचलला तोपर्यंत बाकीच्या जोड्या झेंडीपार. पटाले मोठा बैल नाई लागत मॅडम. पहिल्या हाकेले उठणारा लागते. मले मालूम होतं. तरी मोठाच आनला. मानसाचे डोये लय भुकेले असतेत."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. पुढच्या रविवारी मी न बोलावता जाऊन पाचवं पोतं झाले.

आता आणला तो टर्बो आधीच्या निम्माही नव्हता, पण नव्या धाटणीचा, पाय दाबल्याबरोबर फिरू लागणारा. तो बसवला तर पाइप दाब सोसेना. एकदा असा फट्कन सुटला की झाडावरची माकडं पळाली. कादरभाईंनी जाड पाइप घातला. मग धूर जास्त यायला लागला. मग कादरभाई स्वतः मागे ढेपेच्या पोत्यांवर बसून, कान फळीला लावून आवाज ऐकायचे आणि ओरडायचे, "रोको, रोको!" एका रविवारी दुसरं वळण पार झालं, तर पुढच्या रविवारी पहिल्यावरच अडकलो. मी दोनदा सुचवलं की सोडून द्या, वर राहणाऱ्यांनाच जनावर खाली आणायला सांगू. ते म्हणाले, "अडलेली गाय उतरते का मॅडम?" मी पुन्हा ते सुचवलं नाही. खरं सांगायचं तर त्या गाईची नजर माझ्याही मागे लागली होती. मी तर ती पाहिलीही नव्हती, फक्त ऐकली होती.

आणि एका रविवारी तिसरं वळण आलं आणि मागे पडलं. आम्ही वर होतो. कादरभाई मागून मोठमोठ्याने हसत होते. लच्छमाबाई तांब्या घेऊन गाडीपाशी आली. हे अर्थातच उतरेनात.

"काहून उतरत नाई तू?"

"बैल फिरवून राह्यलो माय. तापला हाय."

तिने गाडीच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि तांब्या धरून उभी राहिली. बैलाचं म्हटल्यावर तिला आणखी काही विचारायचं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात फोन आला. त्या मेलेल्या गाईची कालवड आता पहिलटकरीण होती, आणि ती अडली होती. आम्ही निघालो. मी मनात वळणं मोजत होते. पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज जड झाला. मी दाराची कडी घट्ट धरली. ते पुढे झुकून गाडीला म्हणाले, "हो राज्या, हो!" आणि तो इवलासा टर्बो शीळ घालत उठला.

वर पोचलो. हँडब्रेक ओढला, हात किल्लीपर्यंत गेला आणि थांबला. समोर गाय हंबरत होती आणि हाताखाली तापलेली गाडी. त्यांना पेचात पडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी ओरडले, "आता तरी उतरा!"

ते उतरले. पण इंजिन चालूच ठेवलं. लच्छमाबाईला मनगटाला धरून आणलं आणि स्वतःच्या जागी बसवलं. "चाबीले कोनाले हात लावू देऊ नको. दोन मिनिटं फिरू दे बैल, मंग मी येतो."

ते काही आले नाहीत. वासराचा एक पाय मागे दुमडलेला होता. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून तो शोधला, मी दोर लावला, पोडावरच्या दोघांनी ओढ दिली. तासाभराने वासरू बाहेर आलं, कालवड होती. श्वास घेईना. त्यांनी नाकात गवताची काडी फिरवली, छाती चोळली, फुंकर घातली. ती शिंकली. मी तिथेच शेणात बसून घेतलं.

बाहेर आलो तर गाडी चालूच. लच्छमाबाई दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ताठ बसलेली, नजर समोर. स्वतःची गाय पंधरा पावलांवर मरते की जगते अशी होती, आणि ही जागची हलली नव्हती.

"कालवड झाली माय. दोघी बी बऱ्या हायेत. तू काहून नाई आली पाहाले?"

"तूच तं म्हणे, हात लावू देऊ नको."

त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. बाईला हात देऊन उतरवलं आणि तिच्यासमोर क्षणभर मान खाली घालून उभे राहिले. मला रडू आलं. गाईसाठी की त्या दोघांसाठी, मला अजूनही सांगता येणार नाही.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी वणीला, आपल्या घरी, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेले तेव्हा गाडी अंगणात उभी होती, टपावर कडुनिंबाची पानं पडलेली. काकूंनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा मॅडम. उभी राहून खराब होईन. त्याइनं सांगून ठेवलतं, मॅडमले देजा म्हणून."

मी ती रोज चालवते. सपाटीच्या रस्त्यावर दोन मिनिटं थांबायची गरजही नसते, कधी आठवणीने थांबते, कधी नाही. स्वभाव कुठे जातो!

गेल्या महिन्यात त्यांच्यामागे पहिल्यांदाच रडका चढ चढले. एकटीच. पेटीतल्या लसींचा बर्फ वितळत होता. तिसरं वळण पार झालं आणि इतकं बरं वाटलं की वर पोचल्याबरोबर मी किल्ली फिरवली आणि दार उघडलं.

लच्छमाबाई तांब्या घेऊन आली होती. आता वाकली आहे. तिने तांब्या पुढे केला नाही. आधी गाडीच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून बांधला लगेच? तापला हाय थो."

मी दार लावून घेतलं. गाडी पुन्हा सुरू केली. डावा हात डॅशबोर्डवर पालथा ठेवला. तिथे त्यांच्या हाताने प्लॅस्टिक झिजून गुळगुळीत झालं होतं. बर्फ वितळत होता, वितळू दिला.

लच्छमाबाई काचेशेजारी तांब्या धरून उभी राहिली.