डावीकडची चेन

चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये आमचं चित्रं काढणारं सॉफ्टवेअर दुपारी ग्राहकाला दाखवायचं होतं. माझा प्रोग्राम त्याला दरवेळी वेगळी कमांड देऊन सायकल काढायला लावी आणि नमुना म्हणून ठेवलेल्या मूळ चित्राशी ताडून पाही. सगळ्या सायकली पास झाल्या.

एसी दुरुस्त करायला आलेले सरदारजी शिडीवरूनच पडद्याकडे टक लावून बघत होते.

“बेटा, चेन दाईं तरफ होती है. तुम्हारी बाईं तरफ है.”

“पण सगळ्या मूळ चित्राशी जुळतात, जी!”

“मिलेंगी ही. सबने एक ही की नकल मारी है.”

मूळ चित्रही आमच्याच सॉफ्टवेअरने काढलेलं होतं. त्यातली चेन मी घाम पुसत उजवीकडे घेतली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. सगळ्या सायकली नापास!

सरदारजी खूश झाले. “अब तुम्हारी जाँचने वाली मशीन ठीक चल रही है.”