पाण्याला कोण राहणार

शैलाताईंच्या घरी लग्नाची पत्रिका आली की मुलगा कोणाचा, मुलगी कुठली, या चौकशा नंतर. आधी विचारलं जाई, "पाण्याला कोण राहणार?" मग मधुसूदनराव भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहत. नळाला पाणी यायचा दिवस लग्नाच्या आगेमागे निघाला की दोघांपैकी एकानं घरी थांबायचं. कार्य शैलाताईंच्या माहेरचं असेल तर त्यांनी जायचं आणि मधुसूदनरावांनी थांबायचं, सासरचं असेल तर उलट. मुंजी, बारशी, साठीशांती, सगळं असंच वाटून घेतलेलं. नातेवाइकांचे अल्बम उघडलेत तर एका फोटोत हे सापडतील, दुसऱ्यात त्या. दोघं एका फोटोत बघायचे तर त्यांच्या स्वतःच्या लग्नाचाच अल्बम काढावा लागे.

सिडकोत त्यांनी घर बांधलं तेव्हा मागं ज्वारी उभी असायची आणि नळ रोज यायचे. मग ज्वारी गेली, तिथं अपार्टमेंट आली, अपार्टमेंटच्या मागं आणखी अपार्टमेंट, आणि शहर बघता बघता शेंद्र्याच्या कारखान्यांना जाऊन टेकलं. धरण तेच राहिलं, पाइपही तेच. नळ दिवसाआड झाले, मग तिसऱ्या दिवशी, आणि पाऊस रुसला त्या वर्षांत आठवड्यातनं एकदा. तेही पहाटे येतील की दुपारी, याचा नेम नाही. प्रत्येक नव्या इमारतीच्या फलकावर मात्र 'चोवीस तास पाणी' लिहिलेलं. मधुसूदनराव ते फलक वाचत गाडी चालवत आणि लिहिणाऱ्याला मनातल्या मनात दोन शब्द सुनावत.

ते चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत स्टोअर्स सांभाळून निवृत्त झालेले. माल संपल्यावर धावायचं नाही, संपायच्या आत भरून ठेवायचा, हा तिथला नियम त्यांनी घरी पाण्याला लावला. अंगणाखाली हौद, गच्चीवर टाक्या, न्हाणीत पिंप, स्वयंपाकघरात पितळेच्या घागरी. देवाजवळचा तांब्यासुद्धा काठोकाठ. हौदातलं पाणी गच्चीवर चढवणाऱ्या मोटारीत हवा अडकायची. ती काढायची एक खुबी होती आणि ती आपल्याशिवाय कोणाला जमत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांच्यामागं शैलाताई तीच मोटार वर्षानुवर्षं चालवत आल्या होत्या, पण हे त्यांना सांगायच्या भानगडीत कोणी पडत नसे. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची नाही, कारण नळ आले की शेजाऱ्यांचं डोकंही आपापल्या हौदात असतं.

अमेरिकेलाही ही दोघं पाळीपाळीनं गेली. शंतनूला, म्हणजे त्यांच्या मुलाला, ओवी झाली तेव्हा शैलाताई गेल्या. ओवी चालायला लागली तेव्हा मधुसूदनराव. न्यू जर्सीतल्या शेजाऱ्यांचा बरेच दिवस असा समज होता की शंतनूच्या आईवडलांचं एकमेकांशी पटत नाही.

दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. आदल्या वर्षीचा पावसाळा कोरडाच गेलेला. अशा वेळी शंतनूनं फोनवर सांगितलं, "आधी माझ्याकडे या, आणि मग दोघंच आठवडाभर कॅरिबियनला जा. अँटिग्वाला. बाबा, तुम्ही रेडिओला कान लावून वेस्ट इंडिजची कॉमेंट्री ऐकायचात ना, तिथंच."

शैलाताईंना कॉमेंट्रीशी कर्तव्य नव्हतं आणि समुद्रही त्यांनी दापोलीला एकदा बघितला होता, तोही नवऱ्याशिवाय, नणंदेच्या घरच्यांबरोबर. त्यांना बेट कुठलंही चाललं असतं. नवऱ्याबरोबर एकाच वेळी घराबाहेर पडायचं आणि एकाच वेळी परत यायचं, एवढीच त्यांची हौस होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती, कारण बोलल्यावर नळाचा वार सांगितला जाईल हे त्यांना ठाऊक होतं. यावेळी मधुसूदनराव नाही म्हणाले नाहीत. उलट "ठिकाणं पाठव, बघतो," म्हणाले. शैलाताईंनी त्याच दिवशी बॅग झटकून उन्हात ठेवली.

शंतनूनं राहायच्या तीन जागा पाठवल्या. एक मोठं हॉटेल, सगळं जेवणखाण त्यातच. एक समुद्राला लागून असलेलं दुमजली घर. मिसेस जोसेफ नावाच्या विधवा बाई वर राहत आणि खालच्या खोल्या पाहुण्यांना देत, दारावरून बस जाई. आणि तिसरा डोंगरावरचा बंगला, समुद्रापासून लांब. शैलाताईंनी मिसेस जोसेफच्या व्हरांड्याचा फोटो बघितला. दोन खुर्च्या, पुढं वाळू. त्यांचं ठरलं.

मधुसूदनरावांचं ठरेना. हॉटेल त्यांनी लगेच निकालात काढलं. तिथल्या माहितीत पोहायचे तलाव होते, पण पाणी कुठनं येतं हे नव्हतं. उरलेल्या दोन्ही घरमालकांना त्यांनी शंतनूमार्फत विचारलं, की तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं? मिसेस जोसेफनी उत्तर पाठवलं, "रोजच येतं. का विचारता?" मधुसूदनरावांना ते 'का' खटकलं. पाण्याबद्दल विचारलं तर ज्याला नवल वाटतं, त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं पडलं. डोंगरावरच्या मालकानं मात्र सविस्तर लिहिलं. आमच्या बेटावरही पाऊस कमीच असतो, छपरावरचं पाणी घराखालच्या टाकीत साठवतो, कमी पडलं तर टँकर मागवतो, पाहुण्यांनी जपून वापरावं ही विनंती.

"हा माणूस आपल्यातला आहे," मधुसूदनराव म्हणाले. टाकी केवढी, झाकण कसलं, हेही त्यांनी विचारून घेतलं. शैलाताईंच्या कपाळाला आठी पडली. साता समुद्रापार जाऊन पुन्हा कोणाच्या तरी हौदात डोकावायचं होतं तर सिडको काय वाईट होतं? पण नवरा एकदाचा निघतोय म्हटल्यावर त्यांनी ती आठी गिळली.

राहता राहिला गाडीचा प्रश्न. रविवारी फोनच्या पडद्यावर शंतनूनं विचारलं, "डोंगरावर बस जात नाही. गाडी भाड्यानं घ्यायची की टॅक्सी सांगायची? तिथं आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. बाबांना काही जड नाही."

"टॅक्सीच सांग," मधुसूदनराव म्हणाले. "ओळखीचा, सभ्य ड्रायव्हर बघ. हिला गाडी कुठं येते?"

शंतनूचं चित्र तेवढ्यात अडकलं आणि फोन बंद पडला. शैलाताई मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. हा माणूस जन्मात दुसऱ्याच्या शेजारी बसून घाट चढला नव्हता. चौक्याच्या घाटात भाच्यानं जरा गाडी मागितली होती तर दिली नव्हती.

"मला येत नाही गाडी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येते ना?"

"येते की."

"मग टॅक्सी कशाला?"

मधुसूदनरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हे बघ, यंदाचं वर्ष कसंय तुला दिसतंय. धरणात गाळ उरलाय. आपण दोघं गेलो आणि मागं एक पाळी चुकली की सगळी घडी विस्कटते. तू जा. शंतनूला सांगतो मी, तो येईल रजा काढून तुझ्या सोबतीला. मी राहतो पाण्याला."

"आणि ते टाकीवालं घर?"

"तुझी तिथं पंचाईत नको म्हणून. भरायला मी नसणार ना."

शैलाताईंना एकदम भरून आलं आणि एकदम संतापही आला. आठवडाभर हा माणूस झाकणं आणि टाक्या विचारत होता तो बायकोला तिकडे पाणी कमी पडू नये म्हणून, हे त्यांना कळलं. पण संताप मोठा होता. "अहो, लग्नाचा वाढदिवस आहे तो," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरचं कार्य नव्हे."

मधुसूदनरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आपलं काही चुकलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं, आणि शैलाताईंना त्याचंच अधिक लागलं. त्यांनी बॅग पुन्हा माळ्यावर ढकलली.

पुढचे नळ आले तेव्हा मधुसूदनराव चष्म्याच्या कामाला क्रांती चौकात गेले होते. भरायची पाळी शैलाताईंची. भर दुपारी पाइपातनं हवा फुसफुसली. धुणंभांडी करणाऱ्या सारजाबाईनं न्हाणीतनं आवाज दिला, "बाई, नळ आले."

"येऊ दे," शैलाताई पायरीवर बसल्या होत्या त्या तिथंच बसून राहिल्या.

"हौदाचा कॉक सोडू का?"

"नको."

सारजाबाई हात पुसत बाहेर आली. तिच्या घरचे मूळचे मेंढरांमागं फिरणारे. आता तिचा नवरा, कारभारी नावाचा, शेंद्र्याला कारखान्याच्या फाटकावर राखणदार होता आणि ती दोघं मुकुंदवाडीच्या पलीकडल्या वस्तीवर राहत. "येडं लागलं का तुमाला?" ती म्हणाली. "आमच्या वस्तीवर टँकरमागं पळून बाया रडकुंडीला आल्यात, अन् तुम्ही दारात आलेलं पाणी माघारी धाडता व्हय?"

शैलाताई ओशाळल्या, पण उठल्या नाहीत. "मी नाही भरणार आज. तू भर. कारभारीला फोन कर, गाडा घेऊन येऊ दे."

कारभारीची रात्रपाळी होती, म्हणून तो घरीच होता. तो हातगाड्यावर ड्रम लादून आला आणि नवराबायकोनं पाणी जाईपर्यंत भरून नेलं. शैलाताईंच्या हौदात थेंब पडला नाही.

संध्याकाळी मधुसूदनरावांनी सवयीनं झाकण उचललं. "नळ आले नाहीत?"

"आले होते. भरलं नाही."

"मोटार बिघडली?"

"मोटार छान आहे. मी भरलं नाही. सारजाबाईला दिलं." शैलाताई हौदाच्या पलीकडे येऊन उभ्या राहिल्या. "एक पाळी चुकली की काय होतं ते एकदा बघू. दोघंही घरात असताना बघू."

मधुसूदनराव हौदाच्या झाकणावर बसले. रागावले असते तर शैलाताईंना बरं वाटलं असतं. ते नुसतेच बसून राहिले, जेवायला हाक मारेपर्यंत.

त्या आठवड्यात घरात कोणी मन भरून आंघोळ केली नाही. चादरी तशाच राहिल्या, कढीपत्त्याचं झाड मान टाकून बसलं, आणि पिंपाच्या तळाला तांब्या खरवडायला लागला. मधुसूदनराव रोज गच्चीवर चढून टाकीत काठी बुडवत आणि काठीवरची ओली खूण बघत खाली येत. शेजारच्या नानासाहेबांनी कुंपणावरून मुद्दाम सांगितलं, की गेल्या पाळीला प्रेशर काय फर्मास होतं म्हणून. आणि टाकी खडखडायला लागली त्या सकाळी कारभारी हातगाडा ढकलत फाटकाशी आला.

"वस्तीवर टँकर आला व्हता, साहेब," तो म्हणाला. "उसनं पाणी फेडाया आलो."

दोन ड्रम होते. ज्यानं आयुष्यात कोणाकडे किल्ली ठेवली नाही, त्याच्या अंगणात दुसऱ्याच्या घरचं पाणी उतरत होतं. मधुसूदनराव बघत उभे राहिले. मग पुढं होऊन त्यांनी ड्रमला हात लावला. कारभारी चहा पिऊन गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"त्या समुद्रावरच्या बाई," ते म्हणाले, "अजून खोली ठेवून असतील का गं?"

"विचारायला लागेल."

"विचार. आणि गाडी नको. बस जाते ना दारावरनं? गाडी घेतली तर तिच्या रेडिएटरला पाणी घालायचं पुन्हा माझ्याच मागं लागायचं."

शैलाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि कांद्याचं निमित्त सांगितलं. कांदा अजून चिरायचा होता.

निघण्याआधी मधुसूदनरावांनी सारजाबाईला मोटारीतली हवा काढायला शिकवली. तिनं तीनदा चूक केली, तीनदा ते चिडले, चौथ्यांदा मोटार लागली. किल्ली त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या हातात दिली आणि फाटकापर्यंत जाऊन परत येऊन कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा ते पुन्हा सांगितलं. "ध्यानात हाय, साहेब," सारजाबाई म्हणाली. "निघा आता, इमान चुकंल तुमचं."

मिसेस जोसेफच्या घरी लग्नाच्या वाढदिवसाची सकाळ होती. व्हरांड्यात दोन खुर्च्या, पुढं वाळू, फोटोत होतं तसंच. बाईंनी फोटो काढायला शैलाताईंचा फोन हातात घेतला. ही दोघं शेजारी उभी राहिली तर मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा. बाई हातानं जवळ या, जवळ या म्हणत होत्या. तेवढ्यात मधुसूदनरावांच्या खिशातला फोन वाजला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"साहेब, नळ आले बगा."

"कॉक सोडला?"

"व्हय. मोटार बी लागली. ऐका." सारजाबाईनं फोन हौदाच्या तोंडाशी धरला असावा.

हौदात धार पडत होती. मधुसूदनरावांनी फोन कानाला लावला, आणि शैलाताईंनी दुसऱ्या बाजूनं आपला कान त्याला टेकवला. इतक्या वर्षांत दोघं मिळून पाण्याला अशी कधी राहिली नव्हती. दोघांनाही हे सुचलं असावं, कारण बराच वेळ कोणी फोन सोडेना.

मिसेस जोसेफनी तेवढ्यात फोटो काढून टाकला. सिडकोतल्या घरात तो आता दारासमोरच लावलेला आहे. दोन पिकलेली डोकी एका फोनला टेकलेली, मागं निळाभोर समुद्र, आणि त्या समुद्राकडे दोघांचंही लक्ष नाही.