चैत्रातला चिंचोक्यांचा बाजार

चैत्राच्या उन्हाने आनंदित होणारा मनुष्य अख्ख्या डोंबिवलीत एकच आहे, आणि तो माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. मानपाड्याच्या एका कारखान्यात बॉयलरचे तापमान लिहिण्यात या गृहस्थांची हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी सूर्य हाती घेतला. सकाळी आठ वाजता आमच्या इमारतीच्या फाटकापाशी त्यांचा फळा लागतो : ‘आज चाळीस अंश गाठणार?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशा चिठ्ठ्या. खऱ्या ठरलेल्या चिठ्ठीला संध्याकाळी दहा चिंचोके मिळतात. सकाळी ती कितीला घ्यायची, हे घेणाऱ्यांच्या मागणीवर ठरते. ‘हो’ सात चिंचोक्यांवर गेली, की दहात सात वेळा चाळीस होईल असे इमारतीचे मत समजावे. अकराच्या आत खाडीचा वारा सुटला, की हा भाव कोसळतो. गच्चीवर पापड वाळवणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जी चिठ्ठी मागितली, तिचा भाव गृहस्थ तत्काळ वाढवतात. “वेधशाळा चुकेल, वहिनींचा पापड चुकत नाही!”

हा उघड जुगार असल्याचे मी सोसायटीच्या सचिवांस तीन पत्रांनी कळवले. तिसऱ्याची प्रत घेऊन गृहस्थ स्वतःच माझ्याकडे आले. “साहेब, भाषा काय सुरेख आहे हो! फक्त चिंचोका ही मालमत्ता ठरते, ते कलम तेवढं घाला.” ते कलम मला सापडले नाही. निदान पुरावा असावा म्हणून मी ‘नाही’च्या सहा चिठ्ठ्या घेतल्या. त्या दिवशी साडेदहालाच वारा सुटला, तरी ज्यावर निकाल लागे तो त्यांच्या गॅलरीतला तापमापक त्रेचाळीस दाखवू लागला. मी संतापून चौथे पत्र लिहिले आणि जागेची पाहणी मागितली. सचिव, वहिनी, सारे जमले. तापमापकाच्या थेट डोक्यावर परवाच बसवलेले एका एसीचे यंत्र गरम वारा फुंकत होते. ते यंत्र माझे होते.

“अहो काका, तुमच्याच एसीनं तुम्हाला हरवलं की!” वहिनींना हसू आवरेना. गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्या दिवशी सर्वांत जास्त तेच जिंकले होते. त्यांनी सगळ्यांचे चिंचोके परत केले आणि फळा उतरवला. “मोजमापावर शंका आली, साहेब. आता बाजार नाही.” त्यानंतर ते दिवसभर पंख्याखाली बसून राहू लागले, आणि ते मला पाहवेना. पाचव्या पत्रात मी नियमावलीच लिहून दिली : तापमापक गच्चीवर, सावलीत, फटींच्या लाकडी पेटीत, वाचन पाच वाजता, त्रयस्थाकडून.

“गच्चीपर्यंत माझे गुडघे येत नाहीत. वाचणार कोण?”

“मी.”

“तुम्ही? बाजार बंद पाडायला निघालेले?”

“म्हणूनच.”

बाजार पुन्हा भरला. चैत्राच्या शेवटच्या दिवशी गृहस्थांनी मोसमभर साठवलेले सगळे चिंचोके ‘हो’वर लावले. “आज चाळीस होणारच. हाडं सांगतायत!” पाच वाजता मी पेटी उघडली. एकोणचाळीस पूर्णांक आठ. खाली फाटकापाशी ते मान वर करून उभे होते. मी सांगेन तोच आकडा साऱ्या इमारतीला मान्य होणार होता, आणि आयुष्यात प्रथमच मला नियमाचा राग आला. कठड्याशी जाऊन मी आकडा ओरडून सांगितला, दशांशासह.

ते दोन्ही हात उंचावून लोकांना म्हणाले, “बघा! याला म्हणतात मोजमाप!” आणि मुठी भरभरून चिंचोके वाटू लागले. मी मात्र पेटीची कडी लावण्यात उगाच वेळ काढला. खाली गेल्यावर त्यांच्याकडे कसे पाहायचे, याचा नियम मी केलेला नव्हता.