झुंबरबाईचं रडणं

हातकणंगल्याकडच्या त्या गावात मयत झालं, की तिरडीचे बांबू आणायच्या आधी झुंबरबाईला निरोप जायचा. बाई हेल काढून रडायची. गेलेल्या माणसाचा अख्खा जन्म ओळीत ओळ गुंफून ती त्याच्याच उशाशी मांडायची, आणि दारात कोरडे उभे असलेले भाऊबंदही नाक पुसायला लागायचे. तिनं सुरुवात केल्याशिवाय दुसऱ्या बायका सूर लावत नसत. आणि मयताशिवाय हा हेल तोंडातून काढायचा नाही, काढला तर घरातलं माणूस जातं, अशी पूर्वापार समजूत.

तिच्या थोरल्या बहिणीचा, विठाबाईचा मुलगा धैर्यशील कोल्हापुरात शिवाजी पेठेत खोली घेऊन राहायचा. लॅपटॉपवर गाणी करायचा. हलगी, जात्यावरच्या ओव्या, म्हाताऱ्या शाहिरांचे आवाज, आणि त्याखाली यंत्राचा ठोका. पोरगं गुणी, त्यात वाद नाही. पण टाळ्यांची चटक लागली की गुणी माणसालाही दुसऱ्याचं दुखणं दिसेनासं होतं.

"मावशे, एकदा माइकवर रड की. जगभर ऐकतील."

"मुडद्याबिगर रडू व्हय? याड लागलंय का तुला?"

त्याला मुडदाही मिळाला. ऐन उन्हाळ्यात झुंबरबाईचा नवरा आकाराम जेवता जेवता गेला. धैर्यशील खांदा द्यायला आला, आणि शर्टाच्या खिशातला फोन त्यानं चालू ठेवला. बाई त्या दिवशी रडली तशी आयुष्यात कधी रडली नव्हती. "अर्ध्या ताटावरनं कुठं उठलासा, धनी..." असं म्हणता म्हणता तिच्या तोंडून 'आकारामा' अशी हाक निघाली. सगळ्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. घेतलं ते तेव्हाच, आणि त्याच्या एकट्यासाठी.

पुढच्या लग्नसराईत गल्लीतून वरात निघाली. झुंबरबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. ट्रॉलीवरच्या डीजेतून तिचाच आवाज आला. आकारामा... धाड. आकारामा... धाड. पोरं खांद्यावर पोरं घेऊन नाचत होती. शेजारची वर्षाराणी कौतुकानं ओरडली, "मावशी, तुमचाच आवाज हाय की ह्यो!" बाईनं सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. फळीवरचे डबे थरथरत होते. तिनं दोन्ही कानांवर हात दाबले, पण ठोका छातीतून आत येत होता.

चार दिवसांनी धैर्यशील लुगडं घेऊन आला. पुण्यात गाणं फार गाजलं होतं.

"मावशे, गाण्यावर तुझं नाव टाकलंय बघ."

"माझं टाकलंस. आन् मी त्यात कुणाचं नाव घेतलंय, ती न्हाय व्हय कळलं तुला?"

तो उठून गेला. लुगडं तसंच पाटावर राहिलं.

दिवाळी झाली आणि विठाबाई गेली. झुंबरबाई आली तशी बायकांनी सरकून उशाशी जागा केली. तिनं बहिणीचा गार हात मांडीवर घेतला. सख्खी थोरली बहीण होती ती. तिनंच हिला कडेवर खेळवलं होतं. सांगायला केवढं तरी होतं. तिनं तोंड उघडलं, "आक्का..." एवढंच आलं, आणि त्या शब्दाखाली धाड करून ठोका पडला. बाहेर कुठे काही वाजत नव्हतं. तिनं पुन्हा श्वास घेतला, पुन्हा तेच. तिनं तोंड मिटलं. तिला फार भीती वाटली.

बायका वाट बघत होत्या. पायाशी बसलेला धैर्यशील सरकत जवळ आला. त्याचे डोळे सुजले होते.

"मावशे, रड की गं. माझ्या आईला अशीच न्हेऊ व्हय?"

झुंबरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता, ती नुसती थकली होती.

"माझं रडणं तुझ्याजवळ हाय न्हवं," ती म्हणाली. "लाव."

त्याचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. थोड्या वेळानं पुरुषमाणसं आत आली आणि विठाबाईला उचललं. भरल्या घरातून ती बाहेर पडली तेव्हा एकाही बाईच्या तोंडून आवाज निघाला नाही.