गोड पाण्याचा रांजण

त्या पावसाळ्यात अकोल्याचे मच्छर इतके मातले होते, की दोघांनी माझ्या डोक्यावरची टोपी उचलून मोर्णा नदीपलीकडं नेली. खोटं वाटत असेल तर तेव्हाच्या माणसांना विचारा. त्यांतलं कोणी उरलेलं नाही म्हणून सांगतो.

घरोघर ताप. आता त्याला डेंग्यू म्हणतात, आम्ही हाडमोड्या म्हणायचो. मी कमेटीत, म्हणजे नगरपालिकेत, साचलेल्या पाण्यावर घासलेट मारायच्या कामावर होतो. पाठीवर डबा, हातात पिचकारी. नाल्या, डबकी, पडक्या विहिरी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मच्छर पाण्यातच जन्मतो, तिथंच मारा. आम्ही गाव इतकं भिजवलं, की विडी पेटवायला लोक बडनेऱ्याला जात. आणि एवढं करून माझीच बायको खाटेवर, कूस बदलली तरी कण्हणारी. तिचं करायला एकटी म्हातारी मावशी. ती पडली असती तर दोघींना घोटभर पाणी द्यायला घरात दुसरं माणूस नव्हतं. मी सकाळी निघालो की दिवेलागणीलाच परतायचो. थकवा इतका, की जेवताना घास तोंडात राहायचा आणि मी झोपायचो.

मावशी दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून इथंही छपराचं पावसाचं पाणी ती अंगणातल्या रांजणात साठवायची आणि तुपासारखं पुरवायची.

एका दुपारी डब्यातलं घासलेट संपलं म्हणून लवकर घरी आलो. मावशी फडक्यातून पाणी तांब्यात गाळत होती. गाळून झालं आणि तिनं तेच फडकं रांजणावर उलटं करून नीट पिळलं. आतले वळवळे खुशाल घरी गेले.

"मावशे, किडे परत काहून टाकते वं? त्याइचेच मच्छर होतात!"

"फडक्यात घोटभर गोड पाणी रायते, बाप्पा. ते का मातीत टाकू?"

"मी गावभर मच्छर मारून राहिलो आन् तू घरी पाळून राहिली!"

"तुह्या तेलानं एक तरी मेला काय? नुसतं घर वासते."

मी रांजण कलंडवायला गेलो. तिनं त्याला मिठीच मारली. "घरात माणूस आजारी असताना रांजण रिता करतेत काय रे? आन् गोड पाणी फेकतेत? आमच्या गावात यावरून सोयरिकी मोडतात."

बैलाला बोलून दूध द्यायला लावणारा मी, त्या दिवशी म्हातारीपुढं हरलो. तिथंच अंगणात बसलो. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला, "मावशी, भिंती लिंपाच्या राहिल्या न. पोपडे माह्या तोंडावर पडतात."

मावशी विचारात पडली. लिंपण म्हणजे काम. ते फेकणं नव्हे.

"लागते तेवढं घे," ती म्हणाली.

"सगळंच लागते," मी म्हणालो.

मग सगळ्या रांजणाचा चिखल तुडवला. आतल्या भिंती लिंपल्या, ओटा लिंपला, न्हाणीचा आडोसा लिंपला, शेजाऱ्याची म्हैस मधे आली तिलाही एक हात मारला. बायको हसली आणि हसता हसता बरगड्या धरून कळवळली. रांजण आतून राखेनं घासला. पुढच्या सरीला मावशीनं तो पुन्हा भरला, तेव्हा मी माझं धोतर दुहेरी करून त्याचं तोंड बांधलं.

"बांधलेला रांजण पाहून पाहुणे काय म्हनतीन?"

"ताप जाऊ दे, मंग येतीन पाहुणे."

पण जे मच्छर आधीच उडाले होते, त्यांना या कराराची खबर नव्हती. दोनतीन दिवसांत माझीच हाडं मोडली. बायकोच्या खाटेशेजारी चटईवर पडलो. मावशी मात्र पायावर होती. तिला एक घोट, मला एक घोट, असं पाजत, पुटपुटत फिरायची. मधेच माझ्यावर वाकून म्हणाली, "रांजणाचं तोंड बांधूनच ठेवू न रे?"

मान हलवायलाही दुखत होतं. तरी हलवली.