हरकत फक्त एक

नागसेन रामटेके यांच्याविषयी सांगायला गिरिधरांकडे फारच थोडं होतं. सक्करदऱ्याच्या त्या लेआउटमध्ये, त्या छोट्या वसाहतीत, दोघं अकरा वर्षं शेजारी राहिले, रोज सकाळी तिथल्या मैदानाला सोबत चार फेऱ्या मारल्या. तरी रामटेके चहात साखर घेत की नाही, हेही त्यांना छातीठोकपणे सांगता आलं नसतं. एवढंच माहीत होतं की या माणसानं एका सरकारी ऑफिसात जन्मभर शहराचे नकाशे काढले, आणि मोकळ्या जागांना हिरवा रंग भरायचं काम त्यांच्याकडे होतं.

"मी भरलं तेवढं हिरवं खरंच राहिलं असतं ना भाऊ," रामटेके म्हणत, "तर तुमच्या गेटापाशी वाघ बसला असता."

गेल्या वर्षी पेपरात नोटीस आली. मैदानावरचं खेळाचं आरक्षण उठवून जागा बांधकामाला द्यायचा विचार आहे, महिनाभरात हरकती व सूचना कळवाव्यात. रामटेक्यांनी रंगवलेल्या जागांपैकी ही एकच अजून मोकळी उरलेली. ते छापील फॉर्म घेऊन घरोघर फिरले. "मैदान आहे तसं राहू द्या, एवढंच लिहा. खालचा सूचनेचा रकाना कोरा सोडा जी."

पण लेआउट पडला निवृत्त कारकून आणि प्राध्यापकांचा. कोरा रकाना पाहिला की या मंडळींना पेन उघडल्याशिवाय राहवत नाही. मुग्धाताईंनी 'मैदान वाचवा' असं ठणकावून लिहिलं आणि खाली योगवर्गासाठी शेड सुचवली. श्रीधररावांनी मैदानाला लेआउटचा श्वास म्हटलं आणि त्या श्वासात बारा गाड्यांचं पार्किंग मागितलं. कुणाला मंदिर हवं होतं, कुणाला व्यायामशाळा. एका प्राध्यापकांनी तर मोकळ्या जागांचं महत्त्व समजावून सांगण्यासाठी सभागृह सुचवलं.

गिरिधर छत्तीस वर्षं पोस्टात होते. अपुरे भरलेले फॉर्म त्यांनी हजारोंनी परत केले होते. स्वतःचा तसा जाऊ देणं त्यांच्या हातून होईना. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'ज्येष्ठांसाठी छोटं विरंगुळा केंद्र, जमल्यास दोन खोल्यांचं.'

सुनावणीला सगळे येणार होते. गेले रामटेके आणि गिरिधर, दोघंच. सुनावणी घेणारे साहेब फार सभ्य होते, त्यांनी पाणीसुद्धा विचारलं. मग गठ्ठा चाळून म्हणाले, "एक्केचाळीस अर्ज आहेत. चाळीस लोकांना इथे काही ना काही बांधून हवं आहे. हरकत म्हणावी अशी फक्त एक दिसते. रामटेके कोण?"

रामटेक्यांनी मान वळवली. "भाऊ, तुमी बी?"

"दोनच खोल्या लिहिल्या गा," गिरिधर पुटपुटले.

"बाथरूम नाही मागितलं काहून? म्हाताऱ्याइले लागते ना."

साहेब हसले. नागरिकांच्या मागणीचा पूर्ण आदर होईल, असं त्यांनी लिहून घेतलं.

आदर झालाही. दिवाळीनंतर मैदानाभोवती पत्रे उभे राहिले. आत सात मजली इमारत होणार, तिच्या पोटात पार्किंग, असा बोर्ड लागला. विरंगुळा केंद्राचं नाव मात्र बोर्डावर कुठेच नव्हतं. लेआउटनं बैठक घेऊन शासनाचा कडक निषेध केला. ठराव मुग्धाताईंनी मांडला आणि श्रीधररावांनी अनुमोदन दिलं.

रामटेके भेटेल त्याला पूर्वीसारखाच नमस्कार करत. गिरिधरांना तेच सहन होईना. माफी मागायचं ते रोज ठरवत आणि रोज शेजारच्या गेटापर्यंत जाऊन परत येत. एका मंगळवारी त्यांनी कडी वाजवलीच. त्याच शुक्रवारी रामटेके गेले, पण मंगळवारी हे कुणाला ठाऊक असणार?

रामटेके अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. "काय जी?"

गिरिधरांनी कडीवरचा हात काढला. "काही नाही. फिरायले चाललो."

"सडकेनं?"

"हो. येता का?"

"आज गुडघा दुखून राहिला. तुमी कडेकडेनं जाजा, भाऊ. रेतीचे ट्रक येऊन राहिले."

"बरं," गिरिधर म्हणाले.