फितूर रजेवर गेला तेव्हा

माझ्या भावोजींना गावात नावानं हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळे त्यांना फितूर म्हणतात. द्वेषानं नाही, अगदी प्रेमानं. "फितूर, माझा चष्मा झाला का हो?" असं बायका दुकानाच्या दारातून विचारतात आणि भावोजी आतून "संध्याकाळी या" म्हणतात. मला मात्र ते ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. ताई म्हणते, तुझ्या नाकावरच राग असतो. असेल.

हे नाव पडलं उत्सवामुळे. ज्यांनी हा देश उभा केला, ज्यांना आमच्या गावात सगळे नुसतं 'थोरले' म्हणतात, ते लढाईच्या दिवसांत इथल्या तटाच्या आत तीन दिवस लपून राहिले होते. चौथ्या पहाटे दरवाजाच्या पहारेकऱ्यानं शत्रूला दार उघडून दिलं. थोरले मागच्या बाजूनं निसटले, पुढं जिंकले, आणि आमच्या गावाला जन्मभर मिरवायला एक गोष्ट मिळाली. दर वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, त्याच जुन्या दरवाजापुढं, तो प्रसंग करून दाखवतात. पहारेकरी आला की लोक हुर्यो उडवतात, ओल्या कागदाचे बोळे मारतात. शेवटी थोरल्यांचा एक सैनिक त्याला आडवा करतो, थोरले घोड्यावरून येतात, आणि सगळा चौक तीनदा ओरडतो, "थोरल्यांचा विजय असो!"

भावोजी सव्वीस वर्षं तो पहारेकरी होते. ताईचं लग्न झालं त्या वर्षी आधीच्या पहारेकऱ्याला ऐन वेळी कांजिण्या आल्या, आणि आवाज मोठा म्हणून समितीनं भावोजींना धरलं. "एवढ्या वर्षापुरतं हो," चिटणीस म्हणाले होते. भावोजींना नाही म्हणता येत नाही. ते वर्ष अजून संपायचंय.

एरवी हा माणूस म्हणजे गरीब गाय. दुकान एका खोलीचं. खिडकीपाशी काच घासायचं चाक, त्यावर थेंब थेंब पाणी पडणारी नळी. भावोजी काचेवर पेनानं एक ठिपका देतात, ती चाकाला लावतात, पुसून उजेडात धरतात, पुन्हा लावतात. चष्म्याची काडी गरम करून वाकवायची तर आधी गिऱ्हाइकाचा कान बघतात, मग दुसरा कान बघतात, कारण दोन्ही कान सारखे नसतात म्हणे. एखादी फ्रेम शोभत नसेल तर तोंडावर सांगतात, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. असा माणूस, आणि लोक त्याला म्हणतात, "बघा हं फितूर, भलतंच काही दाखवू नका!" भावोजी हसतात. हा विनोद त्यांनी किती वेळा ऐकला असेल, देव जाणे.

त्यांची मुलगी दुसरीत असताना एकदा शाळेतून फणफणत आली. लपाछपीत तिला कुणी आपल्या बाजूला घेईना. म्हणे, तू जागा फोडशील. भावोजी तेव्हाही हसले, "अगं, पोरं ती," म्हणाले, आणि त्या रात्री ताट तसंच टाकून उठले. मी तिथंच होते. तेव्हापासून मी समितीच्या नावानं बोटं मोडते. उत्सवाला मात्र दर वर्षी जाते आणि हुर्योही उडवते. खोटं कशाला बोलू? गर्दीत उभं राहिलं की तोंड आपोआप उघडतं.

मागच्या वर्षी मी माझा चष्मा सैल झाला म्हणून दुकानात गेले होते. भावोजींनी स्क्रू आवळता आवळता, मान वर न करता विचारलं, "ओरडताना कसं वाटतं गं?"

"कसलं ओरडताना?"

"विजय असो म्हणताना. सगळे मिळून."

त्यांनी चष्मा खाली ठेवला. भावोजी म्हणाले, "मी तेव्हा मरून पडलेला असतो ना. तोंड मंचाच्या फळीला टेकलेलं. सव्वीस वर्षं ऐकतोय, पण म्हणायला कधी मिळालं नाही. माझ्या आजोबांनी थोरल्यांना डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी थोरल्यांची तसबीर होती. मलाही एकदा म्हणायचंय. उभं राहून."

मी म्हटलं, "मग सोडा की ते काम! गुडघे दुखतात म्हणून सांगा. खोटंही नाही ते." त्यांना पुढं ढकलणारी मीच.

चिटणिसांनी बरेच आढेवेढे घेतले. "तुमच्यासारखा फितूर शोधून मिळायचा नाही," म्हणाले. भावोजींनी जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं आणि घरी येऊन ताईला दोनदा सांगितलं, "मी नाही म्हटलं." शेवटी शाळेतल्या कसरतीच्या मास्तरांना पहारेकरी केलं.

त्या सकाळी भावोजी उजाडायच्या आत उठून बसले. ताईनं नवा सदरा इस्त्री करून ठेवला होता. छातीवर थोरल्यांचा छोटा बिल्ला लावला, तो वाकडा झाला म्हणून काढला, परत लावला. चेहरा तर नवरदेवासारखा. मी चिडवलं तर लाजले. आम्ही तिघं बेकरीसमोर, तिसऱ्या रांगेत उभे राहिलो. भावोजी मध्ये, ताई डावीकडे, मी उजवीकडे. पुढच्यानं मागं वळून पाहिलं. "काय फितूर, आज सुट्टी?" त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं, दोघं हसले. भावोजीही हसले. त्यांना आज कशाचंच काही नव्हतं.

मास्तर आले. अंगानं भक्कम, पण आवाज पिचका. लोकांनी हुर्यो उडवली, पण त्यात दम नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, "हा नव्हे, खरा तिकडे उभा आहे!" माना वळल्या. एक बोळा येऊन भावोजींच्या खांद्याला लागला. नव्या सदऱ्यावर ओला डाग पडला. ताईनं पदरानं पुसायला घेतला तर भावोजी म्हणाले, "राहू दे गं, आता थोरले येतील."

मास्तर एकदाचे मेले. घोडा आला. भावोजींनी माझा दंड घट्ट धरला. चौक ओरडला, पण पहिल्या वेळी भावोजींच्या तोंडून आवाजच फुटला नाही. डोळे भरून आले होते. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि दुसऱ्या वेळी ओरडले.

उघड्या चौकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय त्या आवाजाला. तो सगळ्या गावाच्या वरून गेला. आणि गाव तो आवाज ओळखत होतं. त्याच आवाजात सव्वीस वर्षं लोकांनी पहारेकऱ्याचं "या, दार उघडं आहे!" ऐकलं होतं. क्षणभर सगळीकडे चिडीचूप झालं, आणि मग जो हशा पिकला! चौकाच्या त्या टोकापासून हुर्यो उठली, मनापासूनची, मास्तरांच्या वाट्याला न आलेली. पोरांनी उरलेसुरले बोळे भावोजींकडे फेकले. घोड्यावरचे थोरलेसुद्धा हसत होते. तिसरा जयघोष कुणी केलाच नाही.

भावोजींनी तोंड मिटलं. माझा दंड सोडला. बिल्ला काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला, ऊन फार झालं."

महिन्याभरानं ते आपण होऊन चिटणिसांकडे गेले आणि काम परत मागून घेतलं. मी भडकले. असल्या गावासाठी कशाला म्हणून वाटेल ते बोलले. भावोजी शांतपणे म्हणाले, "तिथं निदान मला माहीत असतं, ते पहारेकऱ्यावर ओरडतायत."

ताई अजून त्या दिवसावरून गावाला शिव्या घालते. पहिल्यांदा हसला तो मेला कोण होता, त्याचं तोंड मला बघायचंय, म्हणते. मी मान डोलावते. तो आवाज माझ्या कानाशीच फुटला होता. माझं 'विजय असो' मध्येच राहिलं आणि मला हसू आलं, सगळ्या चौकाच्या आधी, मोठ्यानं. भावोजींनी माझ्याकडे पाहिलंही होतं. त्यांनी ते ताईला आजवर सांगितलेलं नाही.